चिखलाच्या बॅटरीचा किट: एका वाइंडिंगवाल्याचा अनुभव

मी सांगलीत मोटारी भरतो. जळालेली मोटर आली की आधी वास घ्यायचा, मग मीटर लावायचा, ही सवय. पोरीनं विज्ञान प्रदर्शनासाठी ‘चिखलातून वीज’ असा किट ऑनलाइन मागवला तेव्हा मला हसूच आलं. अठराशे रुपये, आणि खोक्यात काय? एक डबा, कार्बन फेल्टच्या (कार्बनच्या धाग्यांच्या जाड, घोंगडीसारख्या कापडाच्या) दोन चकत्या, वायरी, बोटाच्या पेराएवढं सर्किट आणि लाल एलईडी. जंतू तुमचे तुम्ही शोधायचे!

एक चकती चिखलात खोल पुरायची, दुसरी वर, हवा लागेल अशी. खालचे जंतू चिखलातला कुजका माल खातात. खाल्लेल्यातून सुटणारे इलेक्ट्रॉन, म्हणजे विजेचे कण, आपण श्वासातल्या ऑक्सिजनला देतो. चिखलात खाली ऑक्सिजन नाही, म्हणून हे जंतू ते फेल्टला देतात, तिथनं वायरीतून वरच्या चकतीला. म्हणून खालच्या चकतीशी हवेचा बुडबुडा राहिला की काम बिघडलं. पत्रकात हे एका ओळीत उरकलंय. आमचा पहिला डबा त्यातच फुकट गेला.

पत्रक म्हणतं, बागेतली माती चालेल. पोरगी ऐकेना. असे इलेक्ट्रॉन देणारा जिओबॅक्टर हा जंतू डेरेक लवली या शास्त्रज्ञांना 1987 साली अमेरिकेत पोटोमॅक नदीच्या गाळात सापडला, तो ऑक्सिजनऐवजी लोखंडाच्या गंजावर श्वास भागवतो, मग आपली कृष्णा काय वाईट, असं तिचं म्हणणं. मग चकत्यांचे सारखे तीन-तीन तुकडे केले, श्रीखंडाचे दोन डबे धुऊन घेतले आणि एका किटचे तीन केले. एकात कुंडीतली माती, दुसऱ्यात घाटाखालचा गाळ, तिसऱ्यात शेरीनाला नदीला मिळतो तिथला काळा गाळ. त्या तिसऱ्याच्या वासानं आमच्या मंडळींनी सगळेच डबे दुकानात हाकलले.

पहिल्या दिवशी तिन्ही जवळपास शून्य. अकराव्या दिवशी कुंडी 0.12 व्होल्ट, घाट 0.41, नाला 0.58! नाल्याच्या डब्याला हजार ओहमचा रेझिस्टर लावला तर 0.2 व्होल्टवर आला, म्हणजे 0.04 मिलिवॅट. पाच हॉर्सपॉवरची मोटर चालवायला असे नऊ कोटींच्या वर डबे लागतील. पण किटचं सर्किट वीज साठवून एलईडी लुकलुकवतं, आणि नाल्याचा डबा त्या रात्री पहिल्यांदा डोळा मारू लागला तेव्हा मी शटर अर्धं ओढून बघत बसलो. खोटं कशाला बोलू.

तक्रार एकच, पण मोठी. वायर तांब्याची, आणि फेल्टमध्ये नुसती खुपसायची. तेराव्या दिवशी वरच्या जोडावर हिरवी बुरशी धरल्यासारखा गंज, व्होल्ट निम्म्यावर. असलं काम माझ्या पोऱ्यानं केलं असतं तर परत करायला लावलं असतं. मी जुन्या टॉर्चच्या सेलमधली कार्बनची कांडी फेल्टात घातली, तांब्याचा जोड पाण्याच्या वर घेतला आणि एपॉक्सीनं बुजवला. विक्रेत्याला फोटो पाठवले. उत्तर आलं, ‘कृपया बागेतील माती वापरावी.’

पाचात तीन तारे. तिन्ही नाल्याच्या डब्याला.