चिपळुणातल्या गॅरेजमधली हत्यारांची भिंत : अकरा महिन्यांनंतर

मागच्या दिवाळीनंतर गॅरेजची डावी भिंत रिकामी केली आणि हत्यारं टांगायची नवी व्यवस्था लावली. परवा खंडेनवमीची पूजा झाली, म्हणजे अकरा महिने होत आले. एक उन्हाळा, एक अख्खा कोकणी पावसाळा आणि पुराच्या धास्तीची एक रात्र या भिंतीने काढली. लावल्या लावल्या लिहिलं असतं तर नुसतं कौतुक झालं असतं, म्हणून थांबलो होतो.

आधी जागेबद्दल. गॅरेज दहा बाय अठरा फूट, भिंती चिऱ्याच्या, आतून गिलावा. घर वाशिष्ठीपासून फार लांब नाही. २२ जुलै २०२१ ला गॅरेजमध्ये पाणी शिरलं ते चार फूट सात इंचांवर जाऊन थांबलं. तेव्हा माझी सगळी हत्यारं लोखंडी कपाटाच्या ड्रॉवरमध्ये होती. पाणी ओसरल्यावर ड्रॉवर उघडेनात, कारण आत गाळ बसला होता. पाने, पकडी, सॉकेट धुऊन, घासून, तेल लावून बरेचसे वाचले. वडिलांचा लाकडी रंधा मात्र फुगून उभा तडकला. पाण्याची ती रेघ मी भिंतीवर तैलरंगाने काढून ठेवली आहे आणि पुढचं सगळं तिच्यावरूनच ठरलं. भिजलं तर चालेल ते रेघेच्या खाली आणि भिजता कामा नये ते वर. व्हाईस, ऐरणीसारखा वापरतो तो रुळाचा तुकडा, सी क्लॅम्प, पहार हे खाली आहे. बाकी सगळं पाच फुटांपासून साडेसहा फुटांपर्यंत, म्हणजे स्टूल न घेता माझा हात पोचतो तिथवर.

त्या पुरानंतर मी आधी पेगबोर्ड लावला होता. हार्डबोर्डचा, इंचाइंचावर भोकं असलेला. पहिले चार-पाच महिने फार छान दिसला. पण पक्कड काढली की आकडा पकडीबरोबर बाहेर यायचा. एका हातात काम, दुसऱ्या हातात पक्कड आणि आकडा टेबलाखाली. दोन-तीनदा असं झालं की माणूस पक्कड परत टांगत नाही, टेबलावरच ठेवतो. पावसाळ्यात बोर्डाने भिंतीची ओल ओढली, मधोमध पोट आलं आणि भोकं इतकी सैल झाली की रिंग पान्यांचा अख्खा संच एका रात्रीत खाली आला. पत्र्याचा पेगबोर्ड त्यापेक्षा खूप बरा. त्याचा दोन बाय दोन फुटांचा एक तुकडा मी ठेवला आहे आणि त्यावर गुण्या, टेप, ओळंबा अशी हलकी मोजमापाची हत्यारं असतात. पण हातोड्या आणि बारा इंची पाइप पाना त्यावर टांगावा असं मी कुणाला सांगणार नाही.

आता नवी व्यवस्था. इंग्रजीत तिला फ्रेंच क्लीट म्हणतात, आमचे सुतारमामा तिला ‘तिरपी खाच’ म्हणतात आणि घरात तेच नाव रुळलं आहे. १८ मिलिमीटर प्लायची पट्टी मधोमध ४५ अंशांत उभी कापायची. एक भाग भिंतीवर अशा बेताने बसवायचा की तिरपी कड वर येईल आणि तिचा उतार भिंतीकडे असेल. दुसरा भाग पाटाला, म्हणजे ज्या फळीवर हत्यारं अडकवायची तिला, मागून उलटा लावायचा. पाट वरून सोडला की त्याचं स्वतःचं वजनच त्याला भिंतीकडे ओढून धरतं. स्क्रू काढायला नको, आकडा निसटायची भीती नको. उचलला की सुटला.

प्लाय मी आयएस ७१० चा, म्हणजे बोलीभाषेतला मरीन प्लाय घेतला. सव्वाशे रुपये फुटाने बत्तीस फुटांचं एक शीट चार हजारांना पडलं. भिंतीच्या पट्ट्या आणि नऊ पाट त्यात झाले. साध्या प्लायने हजार-बाराशे वाचले असते, पण कोकणात तिथे वाचवू नये.

भिंतीची गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण चिऱ्याच्या घरात राहणाऱ्या बहुतेकांचं इथेच अडतं. मी दोन इंची स्क्रू आणि प्लॅस्टिकच्या गिट्ट्या आणून ठेवल्या होत्या. मामांनी एक भोक पाडलं, ड्रिलच्या टोकाला आलेली लाल भुकटी बोटांवर चोळून मला दाखवली आणि म्हणाले, “दादा, चिरा भुसभुशीत. इथं दोन इंची स्क्रू म्हंजे लोण्यात खिळा.” मग त्यांनी आधी सागाच्या पाच उभ्या पट्ट्या भिंतीला बसवल्या, प्रत्येकीला चार इंची स्क्रू चार-चार ठिकाणी, आणि तिरप्या खाचांच्या आडव्या पट्ट्या त्या सागावर मारल्या. वजन पाचही पट्ट्यांवर वाटलं गेलं. शिवाय भिंत आणि प्लाय यांच्यात इंचभर पोकळी राहिली. तिचं मोल मला जुलैत कळलं. मागचा गिलावा ओलाचिंब, हात लावला तर पाणी, आणि प्लाय कोरडा. या भागात तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, भिंत ओलावणारच. हत्यारं तिला टेकता कामा नयेत, इतकं आपल्या हातात आहे.

मी अठ्ठावीस वर्षं एमआयडीसीत मेन्टेनन्सला काढली. तिथे शॅडो बोर्ड असायचे. प्रत्येक हत्याराच्या मागे त्याचीच आकृती रंगवलेली, पाळी संपताना नुसती नजर फिरवली की काय गायब आहे ते दिसायचं. तेच मी घरी केलं. पाट पांढरे, आकृत्या लाल. रंगवायला दोन रविवार गेले. सगळ्या भिंतीत सर्वांत जास्त उपयोग कशाचा झाला असेल तर या आकृत्यांचा. मुलगी तिची स्कूटर स्वतः खोलते. पूर्वी दर आठवड्याला हाक यायची, “बाबा, दहाचा पाना कुठाय?” आता दहा-अकराच्या जागी लाल आकृती उघडी दिसली की ती स्वतःच स्कूटरच्या डिकीत बघते. अकरा महिन्यांत एकही हत्यार हरवलेलं नाही. याआधी माझ्याकडे कुठलंही वर्ष असं गेलं नव्हतं.

मांडणी मी हत्याराच्या जातीवर केली नाही, कामावर केली. दुचाकीचा एक पाट : पाने, टी पाना, प्लग पाना, ॲलन की. विजेच्या कामाचा एक : टेस्टर, वायर स्ट्रिपर, इन्सुलेशनची पक्कड. सुतारकामाचे दोन. नळकामाचा एक. काम निघालं की तो पाट उचलायचा आणि कामाच्या जागी न्यायचा. मोरीतला नळ बदलताना मी नळकामाचा पाट थेट मोरीच्या दाराशी नेऊन भिंतीला टेकवतो. काम संपलं की आकृत्या बघून भरायचा आणि परत खाचेत सोडायचा. पक्कड तीन पाटांवर लागते, तर तीन घेतल्या. नाशिकच्या टापारियाची आठ इंची पक्कड काही फार महाग नाही, आणि ती शोधण्यात जाणारा वेळ मला परवडत नाही.

स्क्रू ड्रायव्हर आणि पटाशांच्या पट्टीबद्दल एक बारकावा. प्लायच्या पट्टीला भोकं पाडून त्यांत हत्यार वरून सोडायचं, ही नेहमीची पद्धत. त्यात हत्यार काढायला पूर्ण लांबीइतकं वर उचलावं लागतं आणि वरची पट्टी आड येते. मामांनी प्रत्येक भोकाला समोरून दोन सुतांची चीर दिली. पातं चिरेतून आत जातं आणि मूठ भोकावर बसते. बोटभर उचललं की हत्यार हातात. पण भोकं सरळ पाडली होती, त्यामुळे पाट उचलून नेताना दोनदा पटाशी पुढे घसरली. एकदा ती पायापासून वीतभर अंतरावर फरशीवर पडली. मग सगळी भोकं किंचित मागे झुकतील अशी पुन्हा पाडली. तुम्ही करणार असाल तर हे पहिल्यांदाच करा.

लोहचुंबकाची पट्टी मला पटली नाही. लावली होती ग्राइंडरशेजारी, तिथेच चुकलं. ग्राइंडिंगचा बारीक लोखंडी चुरा उडून तिच्यावर बसत गेला, सुरवंटाच्या केसांसारखा उभा राहिला आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यात तो सगळा तांबूस झाला. त्या गंजाचे डाग पटाशांच्या पात्यांवर उतरले. शिवाय कानशी चुंबकाला लावल्या की त्यांच्या दातांत किस अडकून राहतो. आता ती पट्टी स्कूटर खोलताना सुटे नट-बोल्ट ठेवायला वापरतो, तिथे ती उत्तम आहे.

गंजाचं सांगायचं तर टांगलेली हत्यारं ड्रॉवरमधल्यांपेक्षा कमी गंजतात, पण गंजतात. आमच्याकडे कोयत्याला खोबरेल लावायची पद्धत आहे. पान्यांवर ते चिकट होतं आणि धूळ धरतं. शिवणयंत्राचं तेल फडक्याला लावून दर रविवारी हात फिरवला, दहा मिनिटांचं काम आहे. रंध्याची पाती आणि कॅलिपर मी भिंतीवर ठेवतच नाही. त्यांच्यासाठी वरच्या बाजूला लहान बंद कपाट आहे आणि पावसाळाभर त्यात १५ वॅटचा पिवळा दिवा चालू असतो. आतली हवा थोडी गरम राहते, दमटपणा कमी होतो. त्या कपाटातल्या एकाही वस्तूला यंदा डाग नाही.

तक्रारी आहेत. तिरप्या खाचांत धूळ साचते आणि ती ब्रशनेच काढावी लागते. सॉकेट मी तोंड बाहेर करून खुंट्यांवर अडकवले होते. एप्रिलमध्ये सतरा नंबरच्या सॉकेटमध्ये कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलं, इतकं गुळगुळीत की आधी कुणी लांबी भरली असं वाटलं. आता सॉकेट तोंड भिंतीकडे करून लावतो. सागाच्या एका पट्टीच्या खालच्या टोकाला सप्टेंबरमध्ये वाळवीची मातीची रेघ दिसली. ती पट्टी जमिनीपर्यंत आणायची काहीच गरज नव्हती, हातभर वर कापून टाकली आणि औषध मारलं. भरलेला पाट जडही होतो. दुचाकीचा पाट साडेसात किलोचा आहे आणि साडेसहा फुटांवरून तो उतरवताना मुलीला त्रास होतो. तो आता खालच्या रांगेत आणला.

आणि ती रात्र. यंदा जुलैत एकदा संध्याकाळपासून पाऊस थांबेना, भरतीची वेळही रात्रीचीच होती आणि गल्लीच्या तोंडाशी पाणी दिसायला लागलं. २०२१ ला आम्ही आधी कागदपत्रं, मग धान्य, मग फ्रिज करत बसलो आणि गॅरेजकडे जाईपर्यंत उशीर झाला होता. या वेळी मुलगी पाट उचलून देत होती, मी जिन्याने वर नेत होतो. नऊ पाट, बंद कपाटातली एक पेटी आणि ड्रिल मशीन पहिल्या मजल्यावर न्यायला बावीस मिनिटं लागली. एकही हत्यार सुटं करावं लागलं नाही. पाणी फाटकापर्यंत येऊन पहाटे उतरलं, गॅरेज कोरडंच राहिलं. दुसऱ्या दिवशी दुपारी पाट परत खाचांत सोडले.

या दिवाळीत दोन कामं करणार आहे. पाटांना वरून दोरीची मूठ लावायची आहे, जिन्यात वळताना एका हाताने धरता आलं पाहिजे. आणि वडिलांच्या तडकलेल्या रंध्यासाठी एक जागा रंगवायची आहे. त्याचं पातं शाबूत आहे, मामा त्याला शिसवीची नवी बॉडी करून देणार आहेत.