सागवान म्हणून गळ्यात मारलेला पांढरा माल

घरच्या घरी सुतारकामाचं टेबल करायचं म्हणून लाकूड घ्यायला निघाला असाल, तर काही वखारींतली एक पद्धत आधी ऐका. दाखवायचा एक माल, चिरायला लावायचा दुसरा, आणि मधल्या वेळात गिऱ्हाइकाला चहा पाजायचा.

माझं टेबल साधं होतं. पाच फूट बाय दोन फूट, वरच्या फळ्या दोन इंच जाड, पाय तीन बाय तीनचे, एका बाजूला लाकूड घट्ट पकडायचा शेगडा. हिशेबाने पावणेचार घनफूट लाकूड. पुण्यातल्या एका वखारीत शेठने "बल्लारशाचा माल, साहेब, खडखडीत वाळलेला" म्हणत सागाच्या सोनेरी तपकिरी फळ्या काढल्या. वास कातड्यासारखा, हाताला किंचित तेलकट. दाखवलेला माल अस्सलच होता, गंमत तीच आहे! चिरायची मशीन मागच्या गल्लीत. "भुशात कशाला येता? चिरून टेम्पोत भरून देतो."

घरी आलेल्या फळ्या एकजात तपकिरी, जरा जास्तच एकजात. खऱ्या सागाच्या अंगावर गडद-फिकट रेघा असतात. रंधा मारला तसं खालून पिवळट पांढरं लाकूड निघालं, आणि न तासलेल्या बाजूवर थिनरचा बोळा फिरवला तर तो लालसर झाला, म्हणजे तपकिरी रंग वरून चढवलेला. पांढरं लाकूड म्हणजे सालीलगतचा भाग. तो गाभ्यासारखा टिकत नाही, कीड आधी यालाच धरते. कमी वयात तोडलेल्या लागवडीच्या सागात तो भरपूर निघतो. पण झाड सागाचंच, त्यामुळे शेठ शपथेवर "सागच आहे" म्हणू शकतो. फोनवर तेच म्हणाला.

दुसरी मेख ओलीची. वाळलेला साग घनफुटाला साधारण अठरा-एकोणीस किलो भरतो. पाच फूट लांब, सहा इंच रुंद, दोन इंच जाड फळी सात-आठ किलोंची हवी. माझी दहाच्या वर गेली. बॅगा तोलायचा हुकाचा काटा खिशात मावतो. वखारीत तो बाहेर काढला की भावाची भाषाच बदलते, हे मी नंतर दुसऱ्या ठिकाणी पाहिलं. अशा ओल्या फळ्या चिकटवून टेबलाचा माथा केला तर वाळताना पीळ पडतो आणि त्यावर रंधा सरळ चालत नाही. तक्रार केली की उत्तर ठरलेलं: "लाकूड आहे साहेब, हलणारच." लाकूड हलतं हे खरंच आहे, म्हणून तर हे उत्तर खपतं.

मापातही हात मारलेला. लांबी फुटांत, रुंदी आणि जाडी इंचांत, तिघांचा गुणाकार भागिले १४४, की घनफूट निघतात. पैसे दोन इंचांचे लावले आणि फळ्या पावणेदोन इंचांच्या दिल्या. म्हणजे आठवा हिस्सा गायब. "रंध्यात तेवढं जातंच," म्हणे. मी मापलं तेव्हा रंधा तर अजून लागलाच नव्हता.

म्हणून निवडलेल्या फळीवर दोन्ही टोकांना आणि मधे मार्करने सही करा, आणि करवत थांबेपर्यंत मशीनपाशी उभे राहा. एक कोपरा तिथेच तासून बघा. "बर्मा"च्या ओंडक्याचा ताजा माल आहे असं कोणी सांगितलं तर जपून. म्यानमारने २०१४ पासून ओंडक्यांची निर्यात बंद केली आहे.

मुळात या टेबलाला साग लागतो कशाला? त्याला हवं वजन आणि ठोके सोसायची ताकद. बैलगाडीच्या चाकांना बाभूळ चालत आली, ती पायांना उत्तम.

पैशांचं सांगतो. पक्कं बिल मागितलं तर "जीएसटी लागेल" म्हणून कच्ची चिठ्ठी मिळाली, तिच्यावर दुकानाचं नाव नाही. क्यूआर कोड भलत्याच माणसाच्या नावाचा. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते, पण विक्रेता कोण हे दाखवायला कागद लागतो. पक्कं बिल घ्या, त्यावर लाकडाची जात, 'गाभ्याचं' हा शब्द आणि चिरल्यानंतरचं माप लिहून घ्या. जो लिहून देत नाही, त्याच्याकडचा चहासुद्धा घेऊ नका.