मे महिन्यातले दोन दिवस: जुनं गोवं, आग्वाद की पणसायमळ?

म्हापशाला राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीचा परवा फोन आला. तिची थोरली नववीत, धाकटा चौथीत, आणि घरात ऐंशी ओलांडलेले सासरे. मुलांच्या सुट्टीत दोनच दिवस तिला मोकळे आहेत आणि पोरांना गोव्याचा इतिहास पुस्तकाबाहेर दाखवायचा आहे. "जुनं गोवं करू, किल्ले करू, की ते नदीकाठचे कोरलेले दगड?" असं तिने विचारलं. फोनवर उत्तर अर्धवटच राहिलं. हा प्रश्न दर मे महिन्यात कुणी ना कुणी मला विचारतंच, म्हणून सविस्तर लिहिते.

आपण गोव्याचा इतिहास सहसा २५ नोव्हेंबर १५१० पासून, म्हणजे पोर्तुगीज सेनापती आल्बुकेर्कने शहर घेतलं त्या दिवसापासून सांगायला घेतो आणि १९ डिसेंबर १९६१ ला, गोवा मुक्त झाला तिथे, थांबतो. या साडेचारशे वर्षांच्या आधी इथे कोण होतं, हे मुलांनी विचारलं की आपली पंचाईत होते. तेव्हा जागा निवडताना ती कुठल्या काळाची आहे हे आधी बघा. तिन्ही वाटा चांगल्या आहेत, पण एकही वाट सगळं दाखवत नाही.

जुनं गोवं

जायला सगळ्यांत सोपं हेच. पणजीहून कदंब महामंडळाच्या बसगाड्या सतत सुटतात, जेमतेम नऊ-दहा किलोमीटरचा रस्ता, आणि उतरलं की सगळं पायी. चर्चच्या भिंती जाड आणि छतं उंच, त्यामुळे मे महिन्याच्या दुपारीही आत गारवा असतो आणि म्हाताऱ्या माणसांना बसायला बाकं मिळतात. खांदे आणि गुडघे झाकतील असे कपडे घालून जा, तेवढं पाळावं लागतं.

बहुतेक लोक बसमधून उतरून थेट बॉम जीझस बासिलिकात, म्हणजे सेंट झेवियरचं शव ठेवलेल्या चर्चमध्ये, शिरतात. माझं सांगणं, आधी रस्ता ओलांडून सेंट फ्रान्सिसच्या मठात असलेल्या पुरातत्त्व खात्याच्या संग्रहालयात जा. १९६४ साली सुरू झालेलं हे संग्रहालय शुक्रवारी बंद असतं, म्हणून वार बघून निघा. तळमजल्यावर कदंबकाळातले, म्हणजे पोर्तुगिजांच्या कितीतरी आधी गोव्यावर राज्य केलेल्या कदंब घराण्याच्या काळातले वीरगळ आहेत, लढाईत पडलेल्या वीरांच्या आठवणीचे कोरीव दगड. वीरगळ खालून वर वाचायचा, हे मुलांना आधीच सांगा: सगळ्यांत खाली लढाई, त्यावर अप्सरा त्या वीराला घेऊन निघालेल्या, आणि वर तो शिवलिंगासमोर बसलेला. इथल्या वीरगळांमध्ये नाविक लढाईचेही आहेत, नावा आणि त्यांतली माणसं कोरलेली. माझ्या भाच्याने अशा एका दगडासमोर बसून नावेतली माणसं बोटाने मोजली होती. पोर्तुगीज येण्याच्या कितीतरी आधी गोव्याच्या राजांचं आरमार होतं, हे त्याला मी सांगायची गरजच उरली नाही. मोठ्या मुलांना एक गोंधळही इथेच सोडवून द्या. कदंबांचं बंदर गोपकपट्टण हे इथलं नव्हे, ते झुआरीच्या बाजूच्या गोवा वेल्ह्याचं. मांडवीकाठचं हे वेल्हा गोवा. नावं उलटसुलट असल्यामुळे थोर माणसंही चुकतात.

वीरगळ बघून मग सेंट फ्रान्सिसच्या चर्चमध्ये जा, तिथून से कॅथेड्रलकडे. १७७६ साली त्याचा एक मनोरा कोसळला, तो परत बांधला नाही. दर्शनी बाजू तेव्हापासून अशीच एकीकडे झुकल्यासारखी दिसते. बासिलिका शेवटी. १६०५ साली ती पूर्ण झाली, आणि सेंट झेवियरच्या शवाखालचं संगमरवरी काम तस्कनीच्या ड्यूकने पाठवलेलं आहे. मुलांना मी तिथे १६८३ ची गोष्ट सांगते. संभाजी महाराजांची फौज गोव्याच्या बेटांवर उतरली. जुवे बेटावरचा किल्ला पडला, शहर हातचं जाणार असं दिसू लागलं, तेव्हा व्हॉइसरॉय कोंद द आल्व्होर याने झेवियरची शवपेटी उघडवून आपला राजदंड संताच्या स्वाधीन केला आणि शहर वाचवायची विनवणी केली. पुढे मुघल फौज कोकणात उतरल्यामुळे महाराजांना मागे फिरावं लागलं. शाळेतला मराठ्यांचा धडा आणि हे चर्च मुलांच्या डोक्यात तोपर्यंत वेगवेगळ्या कप्प्यांत असतात. ही गोष्ट त्या पेटीकडे बघत ऐकली की दोन्ही एकत्र येतात.

वेळ उरला तर टेकडीवर सेंट ऑगस्टीनचा मनोरा आहे, सेहेचाळीस मीटर उंचीचा होता, आता अर्धाच उभा. जॉर्जियाच्या राणी केतेवानचे अवशेष या पडक्या मठात सापडले आणि २०२१ साली भारताने ते जॉर्जियाला दिले. त्याच टेकडीवर सांता मोनिकाच्या मठात ख्रिस्ती कलेचं संग्रहालय आहे. नववीतल्या मुलीला ते नक्की दाखवा. हस्तिदंती मूर्तींचे चेहरे, वस्त्रांच्या चुण्या, कडेची वेलबुट्टी नीट बघितली की कारागीर आपल्याच गावचा होता हे ओळखू येतं. चौथीतला मात्र तिथे कंटाळेल.

या वाटेवर जे दिसत नाही तेही सांगायला हवं. इंक्विझिशनचा, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाचा, वाडा जिथे होता तिथे आज मोकळी जागा आहे. पाडलेली देवळं तर अर्थातच दिसत नाहीत. म्हणून जुनं गोवं एकटं बघू नये असं माझं ठाम मत आहे, आणि त्यावर उपाय आहे, तो शेवटी सांगते.

रेईश मागूश आणि आग्वाद

म्हापशाहून ही वाट सगळ्यांत जवळ. दोन किल्ल्यांत धाकट्यासाठी रेईश मागूश बरा: लहान, नीट दुरुस्त केलेला, पाऊण तासात फिरून होतो आणि तटावरून समोर पणजी दिसते. १५५१ चा हा किल्ला पुढे तुरुंग झाला, आणि दुरुस्त होऊन २०१२ पासून लोकांना खुला आहे. आत मारिओ मिरांडांची चित्रं आहेत. गावातलं लग्न, मासळीबाजार, बसमधली गर्दी अशी सगळी माणसं त्यांत आहेत, आणि मुलं त्यांत आपल्या ओळखीचे चेहरे शोधत बसतात. सोमवारी बंद.

आग्वादचा वरचा किल्ला १६१२ चा, डचांच्या भीतीने बांधलेला. गलबतं इथून गोडं पाणी भरून घेत, नावही पाण्यावरूनच पडलं. पायाखाली पाण्याचं प्रचंड टाकं आणि वर १८६४ सालचा दीपस्तंभ. पण मे महिन्यात सकाळी दहानंतर त्या उघड्या जांभ्यावर पाय ठेववत नाही, सावली नावालाही नाही. जायचंच तर आठाच्या आत किंवा उन्हं कलल्यावर.

माझ्या दृष्टीने आग्वादचं खरं मोल खाली पाण्याकाठच्या तुरुंगात आहे. २०१५ पर्यंत इथे कैदी होते. आता त्याचं संग्रहालय झालं आहे, १९ डिसेंबर २०२१ ला ते उघडलं. १८ जून १९४६ ला मडगावात सभा घेणाऱ्या राममनोहर लोहियांना त्याच वर्षी पुन्हा गोव्यात येताना पकडलं आणि इथे ठेवलं. गोव्यातले कितीतरी सत्याग्रही इथल्या कोठड्यांत राहिले. मी माझ्या वडिलांना घेऊन गेले होते. पोर्तुगीज अमदानीत सेगुंद ग्रावपर्यंत, म्हणजे तिथल्या प्राथमिक शाळेच्या दुसऱ्या टप्प्यापर्यंत, शिकलेला माणूस, घरी त्या दिवसांबद्दल फारसं कधी बोलले नाहीत. कोठडीच्या दारात उभं राहून त्यांनी माझ्या मुलीला सांगितलं, की खिडक्या लावून, आवाज अगदी बारीक करून 'गोंयच्या सोडवणेचो आवाज' हे गोवामुक्तीसाठी चालवलेलं गुप्त रेडिओ केंद्र कसं ऐकायचे, आणि अंगणात कुणी आलं की रेडिओवर आजी चादर कशी टाकायची. मीसुद्धा ते पहिल्यांदाच ऐकलं. मुलीने त्या दिवशी एकही फलक वाचला नाही, आजोबांचा हात धरून नुसती ऐकत होती.

पणसायमळ

सांगे तालुक्यात रिवणजवळ कुशावती नदीच्या काठी जांभ्याचा मोठा सपाट कातळ आहे. त्यावर शंभराहून जास्त चित्रं कोरलेली आहेत: बैल, हरणं, मोर, नाचणाऱ्या आकृती, आणि गोल गोल आत जाणारा चक्रव्यूह. १९९३ मध्ये ती जगापुढे आली, गावच्या लोकांना ती आधीपासून ठाऊक होती. ती इतिहासपूर्व काळातली आहेत. इथे ना तारीख आहे, ना राजाचं नाव, आणि मुलांना नेमकं हेच हलवून सोडतं. "मग हे कुणी काढलं?" हा प्रश्न तासभर थांबत नाही.

ही जागा उन्हाळ्याचीच आहे. पावसात कुशावती चढते, कातळावर पाणी आणि गाळ येतो, मग चित्रं दिसत नाहीत. मे महिन्यात कातळ कोरडा असतो, पण भर दुपारी तो तापतोही आणि ऊन डोक्यावर असलं की रेषा पुसल्यासारख्या वाटतात. सकाळी लवकर तिरप्या उन्हात सावली खोबणीत पडते, तेव्हा बैलाची शिंगंसुद्धा स्पष्ट उठून दिसतात. रेषा दिसाव्यात म्हणून खडूने गिरवणारे लोक मी पाहिले आहेत. कृपा करून तसं करू नका आणि कुणाला करू देऊ नका, चपलाही काठावर काढून ठेवा.

तुमची स्वतःची गाडी हवी, बसच्या भरवशावर निघू नका. पाणी, डब्यात खाणं, टोपी सगळं घरून न्या. म्हातारं माणूस बरोबर असेल तर ही जागा कठीण.

सावलीतलं जुनं काही हवं असेल तर याच्याऐवजी तांबडी सुर्ला. जंगलातलं कदंबकालीन महादेवाचं देऊळ, ओढ्याकाठी, काळ्या पाषाणात. आजूबाजूला सगळा जांभा असताना हा दगड घाटावरून आणलेला आहे, हे समजलं की त्या लहानशा देवळाकडे बघायची नजर बदलते. बोगमाळ्याचं नौदलाचं विमान संग्रहालय आणि बाणावलीचं 'गोवा चित्र' हीही चांगली ठिकाणं, विमानांचं किंवा जुन्या शेती-अवजारांचं वेड असलेल्या मुलांसाठी. दोनच दिवस असतील तर मी त्यांना पुढच्या सुट्टीसाठी ठेवीन.

तर काय करावं

मला सगळ्यांत आवडणारी जागा पणसायमळ. तरीही बहिणीला दुसऱ्या दिवसासाठी मी आग्वादचा तुरुंगच सांगितला, सकाळी रेईश मागूश आणि उन्हं कलल्यावर तुरुंग. कारण सासरे. कातळ पुढच्या मे महिन्यातही तिथेच असेल, आणि १९६१ च्या आधीचा गोवा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला माणूस आज घरात आहे, चालता-बोलता आहे. घरात असं कुणी नसेल आणि मुलं दहा-बारा वर्षांवरची असतील तर मात्र बेधडक पणसायमळला जा, पहिली सर यायच्या आधी.

पहिला दिवस सगळ्यांसाठी एकच. सकाळी जुनं गोवं, संग्रहालयापासून सुरुवात. दुपारी भाजी-पाव आणि आडसर (शहाळं) घेऊन व्हॉइसरॉयच्या कमानीखालून धक्क्यावर या आणि फेरीबोटीने दिवाडीला जा. गाडीही बोटीत चढते. सप्तकोटेश्वर हा कदंबांचा देव, त्यांच्या नाण्यांवरही त्याचं नाव असे, आणि त्याचं मूळ देऊळ याच बेटावर होतं. पोर्तुगिजांनी ते पाडलं. लिंग विहिरीच्या कामाला लावलं होतं आणि भक्तांनी ते रातोरात नदीपार नेलं, असं सांगतात. बेट ओलांडून दुसऱ्या फेरीने तुम्हीही तीच नदी पार करता आणि डिचोलीच्या बाजूला नार्व्याला उतरता. इथल्या सप्तकोटेश्वराच्या देवळाचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी १६६८ साली सुरू करवला. अलीकडे ते पुन्हा दुरुस्त झालं, २०२३ मध्ये. संध्याकाळी तिथे गर्दी नसते.

दारावर शिलालेख आहे. चौथीतल्या मुलालाही देवनागरी येते, तेव्हा त्याला उचलून घ्या आणि एकेक अक्षर लावायला सांगा. 'शके १५९०' त्याला पटकन सापडेल. 'शिवराज्ञा' हा शब्द सापडायला थोडा वेळ लागतो, आपण आधी सांगू नये.