बबलवर रोजची कामं आपोआप: अकरा महिन्यांचा अनुभव

नवी पेठेत माझी 110 खुर्च्यांची अभ्यासिका आहे. मुलं सगळी स्पर्धा परीक्षांची. कुणी 4 तारखेला येतं, कुणी 19 ला, त्यामुळे प्रत्येकाचा महिना वेगळ्या दिवशी संपतो. वहीच्या जमान्यात रोज सकाळी नावांवरून बोट फिरवून कुणाची फी थकली ते शोधायचो. कोडिंग येत नाही, म्हणून बबलवर, म्हणजे कोड न लिहिता अ‍ॅप बनवता येतं अशा ऑनलाइन सेवेवर, स्वतःच अ‍ॅप उभं केलं. स्क्रीन वगैरे महिन्याभरात जमले. खरा अभ्यास झाला तो बॅकएंड वर्कफ्लोचा, म्हणजे कुणी अ‍ॅप उघडलेलं नसतानाही चालणाऱ्या कामांचा.

सुरुवातीला मी शहाणपणा केला. प्रत्येक मुलाच्या नावाने एक साखळी लावली: वर्कफ्लो चालायचा, फीची तारीख बघायचा आणि शेवटच्या पायरीत स्वतःलाच उद्यासाठी शेड्यूल करायचा. दिसायला झकास. पण 110 मुलं गुणिले 30 दिवस म्हणजे महिन्याला 3,300 वेळा वर्कफ्लो चालणार, आणि त्यातल्या बहुतेक वेळा 'आज काही नाही' एवढंच ठरणार. बबलने 2023 पासून वर्कलोड युनिटवर, म्हणजे अ‍ॅप त्यांच्या सर्व्हरला किती काम लावतं त्याच्या मापावर, हिशोब सुरू केलाय. माझ्या स्टार्टर प्लॅनमध्ये महिन्याला 1,75,000 युनिट मिळतात. रिकामी फेरीसुद्धा त्यातूनच कापली जाते.

पैशांपेक्षा मोठा घोटाळा दुसराच झाला. आम्ही ज्यांच्याकडून एसएमएस पाठवतो, त्यांची सेवा एका सकाळी बंद होती. मेसेजच्या पायरीवर वर्कफ्लो अडकला आणि शेवटची, 'उद्या पुन्हा ये' सांगणारी पायरी आलीच नाही. त्या सकाळी ज्यांना आठवण जायची होती, त्यांच्या साखळ्या तिथेच तुटल्या. पुढचे काही दिवस बाकीच्यांना मेसेज जात होते, त्यामुळे मला शंकाही आली नाही. कळलं ते गल्ल्यावरून. एपीआय कनेक्टरमध्ये, म्हणजे बबलला बाहेरच्या सेवेशी जोडणाऱ्या भागात, एरर आली तरी पुढे चालू ठेवायचा एक पर्याय असतो. तो मी टिक केलेला नव्हता. चूक माझीच. साखळी पुन्हा सुरू करताना बटण दोनदा दाबलं, तर मुलांना दोन-दोन मेसेज. "सर, फी भरली तरी दोनदा का मागताय?" याला उत्तर नव्हतं. भरलेल्यालाही मेसेज जायचं कारण वेगळं: आधीच शेड्यूल झालेलं काम रद्द करायचं तर त्याचा आयडी जपून ठेवावा लागतो, आणि मी तो कुठेच साठवला नव्हता. मग लॉग्जमधल्या शेड्युलरमध्ये, म्हणजे पुढे लावलेल्या कामांच्या यादीत, जाऊन एकेक काम हाताने रद्द करत बसलो.

आता सगळं उलटं केलंय. 'सेटिंग' नावाच्या डेटा टाइपमध्ये (डेटाबेसमधल्या तक्त्यात) एकच नोंद, तिच्यावर बबलचा रिकरिंग इव्हेंट, म्हणजे ठरलेल्या अंतराने आपोआप परत चालणारं काम, रोज एकदा. तो चालला की ज्यांची मुदत तीन दिवसांत संपतेय आणि फी बाकी आहे तेवढेच शोधतो आणि त्यांच्या यादीवर मेसेजचा वर्कफ्लो शेड्यूल करतो. कधी चार मुलं, कधी सात. आजची फेरी बिघडली तरी उद्याची येतेच, आणि फी भरलेला मुलगा यादीत येतच नाही, त्यामुळे रद्द करायची भानगड राहिली नाही. साखळीचा उपयोग अजूनही आहे, पण दर पंधरा मिनिटांनी काहीतरी बघायचं असेल तिथे. फीसाठी तो अट्टाहास होता.

वेळेचं वेगळंच. बॅकएंडला आपली वेळ माहीत नाही, तो यूटीसीवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेवर, चालतो. मी तास '10' टाकले आणि मेसेज गेले दुपारी साडेतीनला. आता 4 वाजून 30 मिनिटं लिहितो, म्हणजे आपले सकाळचे दहा. आपल्याकडे घड्याळ पुढे-मागे करायची पद्धत नाही, म्हणून हे वर्षभर चालतं; लंडनमध्ये असतो तर दोनदा बदलावं लागलं असतं. पण 1 तारखेला पहाटे 2 वाजता निघणाऱ्या जमा-हिशोबावर एक महिना मागचं नाव छापून यायचं, ते समजायला दोन महिने लागले. आपल्याकडे पहिली तारीख उजाडलेली असते, यूटीसीत अजून आदल्या दिवशीच्या रात्रीचे साडेआठ वाजलेले असतात. सेटिंग्जमध्ये टाइम झोन निवडायचे पर्याय चालू केले, तारीख छापताना कोलकाता झोन दिला, मग सुटलं.

नवीन माणसाला दोन गोष्टी आवर्जून सांगेन. डेव्हलपमेंट (टेस्टची प्रत) आणि लाइव्ह (खरं वापरात असलेलं अ‍ॅप) यांचे डेटाबेस वेगळे असतात, त्यामुळे टेस्टमध्ये लावलेला रिकरिंग इव्हेंट लाइव्हवर आपोआप येत नाही, तिथे तो पुन्हा लावावा लागतो. आणि लाइव्हचा डेटा टेस्टमध्ये कॉपी केलात तर आधी मोबाइल नंबर बदला. मी एका रविवारी सराव म्हणून चाळीस खऱ्या मुलांना 'तुमची जागा रद्द झाली आहे' पाठवलंय. त्यातले तिघं सामान आवरायला आले होते.

जागा खरोखर रद्द करायचं काम मात्र मी अजून आपोआप ठेवलेलं नाही. अ‍ॅप मला यादी देतं, बटण मी दाबतो. पूर्व परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात कुणाला उठवायचं आणि कुणाला दहा दिवस सांभाळून घ्यायचं, ते मी खुर्चीवरची पुस्तकं बघून ठरवतो.