रेसमेड एअरफिट पी१०: नाकपुड्यांपुरता मास्क

आमच्या ह्यांना स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत श्वास मध्येच थांबण्याचा त्रास आहे. सीपॅपचा (झोपेत दाबाने हवा देणाऱ्या यंत्राचा) नाक झाकणारा मास्क लावला की चष्मा घालता येईना, मग झोपण्याआधीचं वाचन बंद. पी१० मध्ये सिलिकॉनच्या दोन मऊ उशा फक्त नाकपुड्यांच्या तोंडाशी टेकतात. नाकाच्या दांड्यावर काहीच नाही, त्यामुळे चष्मा आणि पुस्तक दोन्ही परत आलं! उशा स्मॉल, मीडियम, लार्ज अशा तिन्ही मापांत मिळतात. घाई न करता तिन्ही लावून बघा, माप चुकलं की हवा गळते. उच्छ्वास बारीक जाळीतून बाहेर जातो, म्हणून फुसफुस अगदी कमी. शेजारी झोपणाऱ्या मला तर हेच सर्वांत मोलाचं. तोंड उघडं टाकून झोपणाऱ्यांनी मात्र आधी डॉक्टरांना विचारावं, हवा तोंडावाटे निसटते. उशा रोज सौम्य साबणाने धुवा.