ऑर्व्हल: एकच बिअर, दोन वयं

काल आम्ही चौघांनी ऑर्व्हलच्या दोन बाटल्या शेजारी शेजारी उघडल्या. एक चार महिन्यांची, दुसरी मी दोन वर्षं अंधाऱ्या कपाटात उभी ठेवलेली. लेबलवर बाटली भरल्याची तारीख असते, त्यामुळे वयाबद्दल वाद नव्हता.

बेल्जियममधल्या ट्रॅपिस्ट (कॅथलिक साधूंचा एक पंथ) मठाच्या आवारातली ही ब्रुअरी १९३१ची. बिअरमध्ये अल्कोहोल ६.२ टक्के. ताज्या बाटलीत हॉप्सचा (बिअरला कडवटपणा आणि सुवास देणाऱ्या फुलांचा) दरवळ आधी येतो: संत्र्याची साल, ओलं गवत आणि मागे रेंगाळणारा स्वच्छ कडवटपणा. जुनीत तो कडवटपणा विरलेला. त्याजागी वाळलेला चारा, चामडं, किंचित आंबूसपणा, आणि शेवट इतका कोरडा की जिभेवर साखरेचा मागमूस नाही. ही करामत ब्रेटॅनोमायसिस या यीस्टची. बाटलीत ते उरलेली साखर सावकाश खात राहतं, म्हणून फेसही जुनीलाच जास्त होता.

तिघांनी ताजीला कौल दिला. मी जुनीच्या बाजूने ठाम आहे. चवीची एवढी खोली मला फार थोड्या बिअरमध्ये सापडली आहे.

फ्रीजमधून काढल्यावर लगेच पिऊ नका. १२-१४ अंशांना वास खुलतो. ओतताना तळाचा गाळ बाटलीतच ठेवा; आमचा एक ग्लास त्याने गढूळला आणि तुलना बिघडली. नंतर धुरकट व्हिस्कीही निघाली, पण तिच्यापुढे बिअरचं काहीच जाणवेना. व्हिस्कीसाठी वेगळी संध्याकाळ ठेवायला हवी होती.