टेस्टिंग कुठून सुरू करायचं? सायक्लोमॅटिक, कॉग्निटिव्ह की गिटचा इतिहास

रिलीजला आठ दिवस, टेस्टर दोघंच आणि मॉड्यूल चाळीसेक. सगळं तपासून होणार नाही हे सगळ्यांना माहीत असतं, मीटिंगमध्ये बोलत मात्र कोणी नाही. मग कोणीतरी म्हणतं, कोडची कॉम्प्लेक्सिटी, म्हणजे गुंतागुंत, बघून प्लॅन करा. बरं, पण कुठली?

जुनी म्हणजे सायक्लोमॅटिक, थॉमस मॅकेबने १९७६ मध्ये मांडलेली. हिशोब सोपा आहे, फंक्शनमधले इफ, लूप, केस मोजायचे आणि त्यात एक मिळवायचा. आकडा ७ आला तर सगळ्या ब्रांच, म्हणजे कोडमधल्या फुटणाऱ्या वाटा, कव्हर करायला जास्तीत जास्त ७ टेस्ट लागतात, म्हणजे एस्टिमेट मागणाऱ्या मॅनेजरसमोर ठेवायला काहीतरी ठोस मिळतं. मॅकेबने मर्यादा १० सुचवली होती, ईएसलिंट या जावास्क्रिप्ट कोड तपासणाऱ्या टूलच्या नियमात डिफॉल्ट २० आहे, त्यामुळे लाल रेघ कुठे मारायची ते शेवटी आपलं आपणच ठरवायचं.

कॉग्निटिव्ह कॉम्प्लेक्सिटी सोनारसोर्स या कोड तपासणीची टूल्स बनवणाऱ्या कंपनीची, आणि तिचा प्रश्नच वेगळा: वाचणाऱ्याच्या डोक्याला किती ताप? बारा महिन्यांचा स्विच घ्या, बारा केस. सायक्लोमॅटिक १३, कॉग्निटिव्ह फक्त १, कारण वाचायला त्यात काहीच नाही. आता लूपमध्ये इफ, त्यात इफ, त्यात अजून एक इफ. सायक्लोमॅटिक जेमतेम ५, पण कॉग्निटिव्ह १+२+३+४ म्हणजे १०, कारण प्रत्येक आतल्या पायरीला दंड वाढत जातो. पहिल्याला टेस्ट जास्त लागतात पण त्या कोणीही डोळे मिटून लिहील, दुसऱ्यावर मात्र अनुभवी माणूस बसवावा लागतो. आमच्याकडे नेमकं उलटं झालं होतं, नवीन मुलाला डिस्काउंटचं असंच ५ वालं फंक्शन दिलं "छोटंय" म्हणून, आणि बग तिथूनच निघाले.

तिसरा पर्याय मेट्रिक म्हणून कोणी मिरवत नाही: गिट लॉगमधून, म्हणजे कोडमधल्या बदलांच्या नोंदीतून, गेल्या सहा महिन्यांत कुठली फाइल किती वेळा बदलली ते काढा. कॉम्प्लेक्सिटी ४० असलेली पण तीन वर्षं कोणी हात न लावलेली फाइल झोपलेला कुत्रा आहे, झोपू द्या. १५ वाली आणि आठवड्याला बदलणारी आधी धरा.

एकच निवडायचं असेल तर मी गिटचा इतिहास घेईन, हे ऐकून काहीजण नाक मुरडतील. एकापेक्षा जास्त चालत असतील तर त्या यादीतल्या फाइली कॉग्निटिव्हने लावून घ्या आणि सायक्लोमॅटिक फक्त टेस्ट मोजायला वापरा. पायथॉन असेल तर सायक्लोमॅटिकसाठी रॅडॉन आहे, भाषांची खिचडी असेल तर लिझर्ड, दोन्ही फुकट.

आणि हो, हे सगळे आकडे लिहिलेल्या कोडचे. क्वांटिटीत ऋण आकडा आला तर काय, हा इफ कोणी लिहिलाच नसेल तर तिन्हीकडे तो शून्यच दिसणार, त्यासाठी रिक्वायरमेंट उघडूनच बसावं लागतं.